रिकाम्या खोलीचे साठ लिटर

वरची खोली अकरा दिवस रिकामी होती. त्या अकरा दिवसांत तिच्या स्वतंत्र मीटरवर सहाशे साठ लिटर पाणी वापरल्याची नोंद झाली.

नगरपालिकेच्या तपासनिसाने दोन कागद सरांच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. एकावर सरांच्याच सहीने ‘पाहुणे : शून्य’, दुसऱ्यावर मीटरचा आकडा.

“सर, शून्य पाहुणे रोज आंघोळ करतात वाटतं?”

“मीटर बिघडला असेल.”

“तपासूनच आलोय. आठवड्यात लेखी खुलासा द्या. नाहीतर पाहुणा लपवून निवास कर बुडवला असं धरतील आणि खोली भाड्याने द्यायचा परवाना रद्द.”

सरांचा चेहरा उतरला. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे त्यांनी मनाचे आकडे लिहिणाऱ्यांच्या वह्या खिडकीबाहेर भिरकावल्या होत्या. त्यांतली एक याच तपासनिसाची होती.

शोध पद्धतशीर सुरू झाला. वरच्या प्रत्येक नळाखाली रात्रभर कोरडा कागद ठेवला. तो कोरडाच राहिला. सकाळ-संध्याकाळ सात वाजता पत्नीने जिन्यातला मीटर वाचायचा आणि सरांनी आकडा वहीत टिपायचा, असे ठरले. दिवसा साठ, रात्री शून्य.

“गळती घड्याळ बघत नाही,” सर म्हणाले. “हे पाणी बघतं.”

“हुशार आहे हो पाणी,” पत्नी म्हणाली.

मेहुण्याने दबक्या आवाजात भुताचा विषय काढला. भूत साधारण किती लिटरचे असते, असे सरांनी विचारताच तो चहा अर्धा टाकून उठला.

पाचव्या दिवशी सरांना सर्दी झाली. दुपारी तीन ते पाच वाचनालयात बसण्याचा नेम प्रथमच चुकला. त्या दिवशी मीटर जागचा हलला नाही.

सरांनी वहीतले आकडे पुन्हा ताडून पाहिले. प्रयोगात एकच गोष्ट बदलली होती, आणि ती म्हणजे ते स्वतः. त्यांनी सावकाश मान वर केली.

“तू?”

“मग काय, भूत?”

“अगं, आणि रोज मलाच आकडे वाचून दाखवत होतीस?”

“एक तरी खोटा सांगितला का? अहो, तुम्ही किती ते विचारलंत. कोण, ते विचारलंच नाहीत.”

“पण परवाना जायची वेळ आली!”

“शेवटच्या दिवशी सांगणारच होते. म्हटलं, बघू तुमचं तुम्हाला सापडतं का.”

“खाली न्हाणीघर असताना वर कशाला?”

पत्नीने त्यांना हाताला धरून खालच्या न्हाणीघराशी नेले. दारावर सरांच्या अक्षरात पाटी होती : ‘आंघोळ : सात मिनिटे’. बाजूला प्रयोगशाळेतले घड्याळ टांगलेले. मग वर नेले. तिथेही सरांचेच अक्षर : ‘पाहुण्यांनी गरम पाण्याचा निवांत आनंद घ्यावा.’

“पाहुणे असले की मी तुमची सात मिनिटं पाळतेच,” ती म्हणाली.

सातव्या दिवशी सर कचेरीत गेले. घरच्या माणसांवर निवास कर नसतो, तेव्हा परवान्याला धोका नव्हता. फक्त खुलाशात कारण लिहायचे होते. सरांनी लिहिले, ‘काही तांत्रिक कारणांमुळे’.

तपासनिसाने शिक्का उचलला, ओळ वाचली आणि शिक्का खाली ठेवला. “सर, मनाचं नका लिहू.”

सरांनी ती ओळ खोडली आणि खाली लिहिले : ‘पाणी अर्जदाराच्या पत्नीने वापरले. कारण, अर्जदाराने घरात लावलेला सात मिनिटांचा नियम.’