टाका म्हणजे टाका

आमच्या घरात नव्या वर्षाचे संकल्प चार जानेवारीपर्यंत टिकतात. एकदा पाच तारीख गाठली होती, पण ते कॅलेंडरच चुकीचं छापलेलं निघालं. म्हणून यंदा मुलीनं फर्मान काढलं, "संकल्प बंद. प्रत्येकानं एकच शब्द निवडायचा आणि वर्षभर त्याचं बोट धरून चालायचं."

तिनं स्वतःसाठी 'शांतता' घेतला आणि तो इतक्या जोरात जाहीर केला, की माळ्यावरचा डबा खाली पडला. मी 'उद्या' म्हणालो, तर म्हणे, "बाबा, चेष्टा नको." बायको सुईत दोरा ओवत राहिली.

बायको माझी शिंपीण. तळमजल्यावर, रस्त्याला लागून तिचं एका खोलीचं दुकान. पायानं चालवायचं तिचं मशीन असं धडधडायचं, की समोरचा घड्याळजी त्या ठेक्यावर घड्याळं लावून घ्यायचा. पण ऑक्टोबरात जिन्यावरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, जोर काही परत आला नाही. मुलगी, मी, शेजारीपाजारी, सगळ्यांचा एकच सूर: आता दुकान बंद कर, आराम कर.

एके दिवशी ती म्हणाली, "नाटकगृहाचा पडदा शिवायला घेतलाय. पंधरा जानेवारीला तो वर चढला नाही, तर मी स्वतः दुकानाला कुलूप लावीन. चढला, तर आरामाचं नाव कुणी काढायचं नाही."

दोन जानेवारीला ती मनगटाच्या व्यायामासाठी दवाखान्यात गेली. मी दुकानात डोकावलो, तर मशीनच्या झाकणावर खडूनं ठळक लिहिलेलं: टाका.

आता तुम्हीच सांगा. 'टाक' लिहिलं असतं, तर मी ते मुलीवर ढकललं असतं. पण 'टाका'! एवढ्या मानानं घरात ती फक्त मलाच बोलते, तेही रागावली नसेल तर. बिचारीनं हात टेकले, तोंडानं सांगवेना, म्हणून लिहून ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं काम सांगितल्या दिवशीच केलं. भंगारवाल्याला हाक मारली. मशीन इतकं वजनदार, की त्याच्या हातगाडीनं रस्त्यात दोन चर पाडले. अजून त्यात सायकली अडकतात.

ती परत आली.

"मशीन कुठंय?"

"टाकलं."

"काय टाकलं?"

"मशीन. तूच लिहिलंस ना, टाका म्हणून?"

ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली, की माझी दाढी बोटभर वाढली.

"अहो, तो माझा वर्षाचा शब्द होता! टाका! सुईचा टाका! एका वेळी एकच घालायचा, पुढच्या ढिगाकडे बघायचं नाही, असं ठरवलं होतं मी."

"मग 'टाका घालणे' असं नीट लिहायचं."

"एकच शब्द म्हणाली होती ना पोरगी!"

आम्ही तिघंही धावत भंगारवाल्याकडे गेलो. तो कामाला वाघ. मशीनचे तीन तुकडे तीन वेगवेगळ्या ढिगांत होते. मला वाटलं, आता ही रडणार. तिनं फक्त तुकड्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तेरा दिवस आहेत. हातानं शिवू."

"आई, कुणाचं तरी मशीन मागून आणूया," मुलगी म्हणाली.

"पडद्याच्या त्या जाड मखमलीत? घरगुती मशीनं दोन थरांतच मान टाकतात."

"पण तुझं मनगट?"

"डावं शाबूत आहे. आणि तुझ्या बाबांची दोन्ही रिकामीच असतात."

पडदा पसरला तो दुकानातून जिन्यावर, जिन्यावरून वर आमच्या स्वयंपाकघरात. वरच्या मजल्यावरचे काका कामाला निघाले, ते त्यात शिरून दुसऱ्या टोकाला सोमवारीच बाहेर आले. ती डाव्या हातानं शिवायची, उजव्या कोपरानं कापड दाबून धरायची. पहिल्या दिवशी वीतभर झालं. दुसऱ्या दिवशी दोन वीत. माझ्या बोटांना इतकी भोकं पडली, की पाणी प्यायलो तर चाळणीसारखं गळायचं.

तेरा तारखेला तिनं माझी शिवण दोन्ही बाजूंनी ओढली. दोरा सुर्रकन निघाला.

"उसवा."

"सगळं? अगं, अकरा फूट आहे ते!"

"उद्या प्रेक्षकांच्या डोक्यावर पडलं, तर तिथंही 'टाकलं' म्हणून सांगणार आहात का?"

मी उसवलं. तिनं शेजारी बसून एकेक टाका घालून दाखवला, मी तस्साच घातला. वाकडा आला की ती नुसतं "हं" म्हणायची आणि मी तो काढायचो. चौदा तारखेच्या दुपारी मुलगीही सुई घेऊन बसली आणि खरोखर गप्प बसली.

पंधराला पडदा दोरांवर चढवला. नाटकगृहाचे मॅनेजर चांगले ऐसपैस गृहस्थ. त्यांनी माझीच शिवण पकडली आणि तिला लोंबकळले. पाय जमिनीवरून सुटले, एक झोकाही बसला. टाका हलला नाही. मग दोर ओढले आणि तो अख्खा पडदा सरसर वर गेला.

"बाई, खुर्च्यांना कव्हरं हवीत," मॅनेजर रंगमंचावरून उतरता उतरता म्हणाले. "तीनशे आहेत. जमतील?"

"मापं घेऊन दुकानात या," ती म्हणाली. "दुकान उघडंच असतं."

मी हळूच दोन्ही हात खिशात घातले. तिनं ते बाहेर काढले आणि त्यांत सुई ठेवली.