गोडबोल्या, खवट आणि बाबांचा सिनेमा

आमच्या सासूबाई दोन पेपर घेतात. एकाला त्या म्हणतात गोडबोल्या, दुसऱ्याला खवट. "एक वाचला की बातमी कळते, दोन वाचले की लबाडी कळते," असं त्यांचं म्हणणं. सकाळचा चहा झाला की दोन्ही पेपर टेबलावर शेजारी शेजारी पसरायचे, लाल पेन घ्यायचं आणि एकच बातमी दोघांत शोधायची. दोघं वेगवेगळं सांगत असतील तिथे फुली, दोघं एकच सांगत असतील तिथे बरोबरची खूण. "एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या माणसांचं ज्यावर एकमत होतं, तेवढंच खरं." शेजारच्या घटस्फोटात चूक कुणाची हेही त्यांनी याच पद्धतीने ठरवलं, आणि ते बरोबर निघालं. मग काय, बोलायची सोयच उरली नाही!

त्यात आमच्या घरात सिनेमाचा धंदा. नवरा दिग्दर्शक, मी संकलक. म्हणजे त्याने काढलेलं मी कापायचं आणि "तो शॉट माझ्या काळजाचा तुकडा होता!" म्हणून त्याने घर डोक्यावर घ्यायचं. आमचा एकुलता एक सिनेमा सात वर्षं डब्यात पडून होता, कारण त्याच्या दोन निर्मात्यांचं आपसांत फाटलं. एकाचा मेहुणा गोडबोल्याचा संपादक, आणि दुसरा तर खवटचा मालकच. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याचं वाटोळं झालं. अखेर मेहुणावाला कोर्टात जिंकला आणि येत्या शुक्रवारी सिनेमा लागायचं ठरलं.

सिनेमातला बाप म्हणजे माझे सासरे. नट परवडत नव्हता, म्हणून नवऱ्याने त्यांनाच उभं केलं. चित्रकलेचे निवृत्त मास्तर ते, कॅमेरा चालू असतानाही "तुझी चौकट वाकडी आहे रे" म्हणून सुनावायचे. पूर्वार्धात बापलेक नुसती एकमेकांची खेचतात, आणि मध्यंतराआधी मुलाने केलेला चहा तोंडात घेऊन बाबा असे काही हसतात, असे हसतात, की ते मी कापूच शकले नाही. उत्तरार्धात मुलगा भांडून निघून जातो, बाप मरतो, मुलगा परत येतो तर घराला कुलूप. संपला सिनेमा. तो डब्यात गेल्यानंतर दुसऱ्याच वर्षी बाबा खरंच गेले. स्वतःला पडद्यावर एकदाही न बघता.

म्हणून सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं, "मी येणार नाही. ते गेलेले मला पडद्यावर बघायचे नाहीत. विषय संपला."

नवऱ्याने तोंडावर मान डोलावली आणि खोलीत येऊन उशीत डोकं खुपसलं. त्याला पैसा नको होता, बक्षीस नको होतं. आईने शेजारी बसून बाबांना बघावं, एवढंच हवं होतं. "तिनेच नाही बघितला तर मी काढला कुणासाठी?" मला त्याचा इतका कळवळा आला की उशीच्या अभ्र्याला पुसलेल्या नाकाबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

बुधवारी पत्रकारांसाठी खेळ होता. पत्रकार म्हटलं की आमच्या दिग्दर्शकाच्या पोटात कळ येते. तो बाहेर येरझाऱ्या घालत होता आणि मी त्याला पाणी पाजत होते. अर्ध्या तासाने आत शिरले तर पडद्यावर बाबांची अंत्ययात्रा! अहो, पहिल्या अर्ध्या तासात!

धावत वर ऑपरेटरकाकांच्या खोलीत गेले. काका निवांत पाव खात होते.

"काका, उत्तरार्ध आधी लागलाय!"

"डब्यात दोन ड्राइव्ह होत्या. वरची आधी, खालची नंतर. इतकी वर्षं असंच लावतोय."

मी थांबवायला हात पुढे केला तर मागोमाग आलेल्या मेहुणावाल्या निर्मात्याने तो हात धरला. "वहिनी, तुमच्या पाया पडतो, चालू दे! आत्ता उठवलं तर ही मंडळी पलीकडच्या सिनेमाच्या जेवणाला पळतील." झालं. अख्खा सिनेमा डोक्यावर उभा राहून पार पडला. शेवटची नामावली मध्येच आली तेव्हा अर्धे लोक टाळ्या वाजवून उठले, त्यांना हाताला धरून परत बसवलं. तरी एकानेही विचारलं नाही की बाबांनो, ही काय भानगड आहे. उलट जाताना एकजण माझा हात हातात घेऊन म्हणाला, "काय रचना आहे!"

गुरुवारी दोन्ही पेपर आले. गोडबोल्या: "डब्यातून निघालं सोनं! मरणाकडून जगण्याकडे नेणारा प्रवास. नामावली मध्यावर आणण्याचं धाडस. शेवटी बापाचं ते हसणं, निःशब्द!" चार तारे. खवट: "डब्यात होता तेच बरं होतं. सिनेमा कुठे संपवावा हे दिग्दर्शकाला कळत नाही. शेवटी म्हातारा हसत बसतो, बहुधा प्रेक्षकांनाच." एक तारा, तोही अर्धवट छापलेला. गोडबोल्याच्या फोटोत थिएटर खच्चून भरलेलं, खवटच्या फोटोत सगळ्या खुर्च्या रिकाम्या. एकाने पुढच्या रांगांचा काढला होता, दुसऱ्याने मागच्या.

सासूबाई फुल्यांवर फुल्या मारत सुटल्या. मध्येच पेन थांबलं.

"अगं, इकडे ये. शेवटी हे हसतात?"

मी पुढे होऊन पेपरात डोकावले.

"गोडबोल्याही म्हणतो, खवटही म्हणतो. म्हणजे खरंच." त्यांनी दोन्हीकडे बरोबरची खूण केली, सावकाश, ठळक. "मला वाटलं होतं शेवटी मरतात. वेडी मी, उगाच घाबरले. उद्या किती वाजता निघायचं?"

स्वयंपाकघरात आमची खुसफूस सुरू झाली.

"खरं सांगितलं तर त्या येणार नाहीत," मी म्हटलं. "एका खेळाला उलटाच लावू या."

"सात वर्षं थांबलो ते माझा सिनेमा शीर्षासन करताना बघायला? आणि तू म्हणतेस हे? कापलाय तूच ना तो?"

"मीच कापलाय, म्हणून तर जीव जळतोय! पण आई यायला हव्यात की नकोत?"

"सरळ लागेल," तो म्हणाला. "कसा काय फसवू मी तिला?" आणि गॅसवरचं दूध उतू गेलं तरी दोघांपैकी कुणी हललं नाही. आईंना खरं सांगायला मात्र दोघांपैकी कुणीच गेलं नाही.

शुक्रवारी सासूबाई आमच्या दोघांच्या मधे बसल्या. ठेवणीतले कपडे, ताठ मान. थिएटर अर्धं भरलं होतं. गोडबोल्याचे वाचक डोळे पुसायच्या तयारीने आले होते, खवटचे नावं ठेवायच्या. दिवे मालवायच्या जरा आधी नवरा "आलोच" म्हणून उठला. मला वाटलं, पोट. मी मनात म्हटलं, आता आईंना मी एकटीने कशी सावरू?

अंधार झाला आणि पडद्यावर बापलेकांचं कडाक्याचं भांडण सुरू झालं. म्हणजे उत्तरार्ध! माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच्यासाठी तुटलाही. तो वरून येऊन बसला. कपाळाला घाम होता.

बाबा गेले तेव्हा सासूबाईंनी माझं मनगट असं धरलं की हाडं वाजली. पण त्यांनी मान वळवली नाही. दोन पेपरांच्या भरवशावर बसून राहिल्या बिचाऱ्या. मग नामावली आली, गोडबोल्याचे लोक "वा!" म्हणाले, खवटचे लोक "शी!" म्हणाले. मग पूर्वार्ध सुरू झाला. सगळ्यात शेवटी बाबांनी चहाचा घोट घेतला आणि ते हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, मांडीवर थाप मारून, घरी हसायचे अगदी तसे.

दिवे लागले. लोक भांडत भांडत बाहेर गेले. सासूबाई उठेनात.

"माणसांची नावं आधी आली आणि सिनेमाचं नाव नंतर," त्या समोर बघतच म्हणाल्या. "पेपरवाल्यांना कळलं नसेल, मला कळतं. उलटा लावलास ना?"

नवऱ्याने मान डोलावली.

"माझ्यासाठी?"

एवढा चाळिशीचा बाप्या, नुसता रडत होता. मीही काही मागे नव्हते. सासूबाईंनी रुमालाने त्याचं तोंड पुसलं, चांगलं खसाखसा.

"पुढच्या खेळापासून सरळ लाव. लोकांना शेवट माहीत नाही, त्यांना बघू दे. मला माहीत आहे तो." मग त्या उठल्या आणि दोघांच्याही दंडाला धरून म्हणाल्या, "आता मला मागच्या दाराने काढा. वाटेत कुणी बोलायचं नाही, तुम्हीही नाही. हे हसतायत तोवर मला घरी पोचू दे."