शिकेकाईला येळ लागतो

मुसळाचा घाव बसला, शेंगांचा भुगा उसळला आणि अंजलीला एकामागून एक शिंका सुरू झाल्या. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. पदरानं नाक पुसत तिनं सासूकडं पाहिलं. आता तरी बाई पुरे म्हणेल असं तिला वाटलं. सत्यभामाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बारीक कर. जाडंभरडं राह्यलं की केसात अडकतंय."

सकाळीच त्यांनी अंजलीची शाम्पूच्या पुड्यांची माळ खुंटीवरून ओढून चुलीत घातली होती. माहेराहून, कनेरगाव नाक्याच्या दुकानातून आणलेली. पुडीनं केस गळतेत म्हणे, आजपून शिकेकाई. प्लास्टिकचा चरचरीत वास घरभर झाला आणि अंजली नाकाला पदर लावून उभी राहिली. घरात जीव रमावा अशी तेवढीच एक गोष्ट होती, तीही गेली.

खरं दुखणं आदल्या दिवसाचं होतं. दहावीला तिचा इंग्रजीचा एकच विषय राहिला होता. लग्नाच्या बोलणीत सासऱ्यानं, मसाजीनं, चार माणसांत शब्द दिला होता की ऑक्टोबरच्या परीक्षेला पोरीला बसवू. बापानं त्या भरवशावर फॉर्म भरला, केंद्र इथून जवळचं शिरड शहापूर मागून घेतलं आणि काल हौसेनं हॉल तिकीट घेऊन आला. मसाजीनं पाहुण्याला चहा पाजला, वाटेला लावलं आणि तो कागद बायकोपुढं टाकला.

"मेंढरं काय इंग्रजीत हाकायची हायेत? घाल चुलीत."

नवरा, बजरंग, तिथंच होता. भला माणूस, पण बापापुढं त्याची दातखीळ बसायची. सत्यभामाबाईंनी कागद उचलला आणि आत गेल्या. पुड्यांच्या आधी तोच जळाला असणार, हे अंजली धरून चालली.

मसाजी दिवसभर दारात आडव्या टाकलेल्या बाजेवर बसून लोकर कातायचे. हातात चाती फिरायची आणि आत-बाहेर करणाऱ्या बाईला एकच शब्द ऐकू यायचा, "कुठं?" पाण्याला निघा, सरपणाला निघा, उत्तर दिल्याशिवाय बाज सरकायची नाही. पाणी आणायला जरा उशीर झाला तर ते गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारायचे.

पहिल्यांदा सासूसुना घंगाळ घेऊन ओढ्याला गेल्या तेव्हा जेवणवेळ टळून गेली. तीन दगडांवर शिकेकाई-रिठा उकळा, निववा, गाळा, चोळा, डोळ्यांची आग सोसा, वर ताकाचा हात फिरवा, मग खडकावर बसून केस वाळवा. परत आल्यावर मसाजी तडकले. एवढा वेळ काहून?

"पुडी न्हाई ती," सत्यभामाबाई म्हणाल्या. "शिकेकाईला येळ लागतो."

पुढच्या खेपेला ते नुसते गुरगुरले. त्याच्या पुढच्या खेपेला घंगाळ पाहून आपणच बाज सरकवली. अंजलीला मात्र दर खेपेला वाटायचं, आपण आणखी आत आत चाललोय. केसांना धुराचा वास, नखांत भुगा, आणि परीक्षेचा दिवस जवळ येऊन राहिलेला. ओढ्यावर ती मनसोक्त रडून घ्यायची. डोळे लाल का, हे कुणी विचारायचं नाही, एवढाच त्या शिकेकाईचा फायदा.

पेपरच्या दिवशी ती उठलीच मेल्यासारखी. सत्यभामाबाईंनी घंगाळ तिच्या डोक्यावर ठेवलं. परवाच तर न्हालो, आज नको, असं ती पुटपुटली.

"डोक्यात कोंडा झालाय तुह्या," सासू दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "चल."

बाज सरकली.

ओढ्यावर त्यांनी चूल पेटवली नाही. घंगाळातल्या शेंगा बाजूला सारल्या आणि तळातून कापडात गुंडाळलेला कागद काढला. सोबत पेन होता. हॉल तिकीट जळालं नव्हतं.

"हळदीच्या वावराकडून नीघ, गाडीवाट लागंल. कुणी भेटलं तर खाली मान घाल."

"आन् मामांनी हाक मारली तर?"

"मारू दे. बायकांच्या न्हाणीकडं गडीमाणूस येत न्हाई. मेंढरू चुकून आलं तरी वरून आवाज देतेत, आन् आपुन हाकलून देतो. जा, बोलत बसू नको."

अंजली परतली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सासू त्याच खडकावर बसलेली. आता मात्र चूल धगधगत होती, शिकेकाई निवून तयार होती. त्यांनी तिला धरून बसवलं आणि शिकेकाईचा गडवा डोक्यावर ओतला. केस ओले करूनच घरी जायचं होतं.

"कसा गेला?"

"निबंध अर्धा राह्यला."

"पुन्हा कवा असती?"

"मार्चला."

सत्यभामाबाई बराच वेळ तिचं डोकं चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग शिकेकाई लय लागंल."

अंजलीला हसू आलं आणि त्यातच रडू आलं. फेस डोळ्यांत गेला तरी तिनं ते मिटले नाहीत.

मसाजी दारात उभेच होते. त्यांनी दोघींकडं पाहिलं. अंजलीच्या वेणीतून पाणी ठिबकत होतं. मग कललेल्या उन्हाकडं पाहून त्यांनी बजरंगला घरामागं बोलावून घेतलं.

दिवेलागणीला बजरंग शिरडहून आला. हातात शाम्पूच्या पुड्यांची लांबलचक माळ होती. त्यानं ती अंजलीपुढं धरली. बायकोसाठी काहीतरी आणल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

"आबा म्हनले, आता घरीच न्हात जा. पाच मिंटात व्हतं. तुलाबी ह्याच पायजे व्हत्या ना?"

दाराबाहेर चाती थांबली होती.

अंजलीनं माळ हातात घेतली. तोच नाक्यावरच्या दुकानाचा वास होता. ती चुलीपाशी गेली. सत्यभामाबाई भाकरी भाजत होत्या.

"न्हाई सोसत मला," ती दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पुडीनं केस गळतेत."

सत्यभामाबाईंनी तवा उचलून धरला आणि माळेला जाळात जायला वाट करून दिली.