सरावाला रक्त लागत नाही

दुसऱ्यांच्या लढायांमधून आपल्या देशासाठी धडे काढायचे, हा तिचा पोटापाण्याचा उद्योग होता. तिच्या विभागाचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण इमारतीत सगळे त्याला 'शिकवणी' म्हणत आणि तिला धडेबाई. जगात कुठे तोफ उडाली की बाकीचे हळहळत, धडेबाई पेन्सिलीला टोक काढी. साहेबांच्या खुर्चीमागे चौकटीत एकच म्हण लावलेली होती: 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा.' पुढच्याचा पाय मोडला तरी मागच्याने आधी धडा लिहून घ्यायचा आणि मग वाटलं तर हात द्यायचा, अशी तिथली एकूण रीत.

मागच्या वर्षी दोन दूरच्या देशांत युद्ध झालं. मोठ्याने सीमेवर फौज आणली आणि 'हा नुसता सराव आहे' असं जगाला सांगितलं. जगानेही मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. मग एका सकाळी तो धाकट्या देशात घुसला. धडेबाईने त्या युद्धाच्या बातम्या चाळून चाळून एक गोष्ट हुडकली. हल्ल्याच्या थोडं आधी सीमेजवळच्या दवाखान्यांत रक्ताच्या पिशव्या पोचल्या होत्या. रणगाडे दाखवायला आणता येतात, तंबूही दाखवायला ठोकता येतात; रक्त मात्र फार दिवस टिकत नाही, ते कुणी शोभेला आणून ठेवत नाही. तिने पहिल्या धड्याला मथळा दिला: 'सरावाला रक्त लागत नाही.'

वाक्य असं चाललं की काही विचारू नका. साहेबांनी ते मंत्र्यांच्या भाषणात घातलं, मंत्र्यांनी ते स्वतःला सुचल्यासारखं म्हटलं, टाळ्या पडल्या. सगळ्या धड्यांची पुस्तिका निघाली, तीही कुणालाही वाचता येईल अशी. आपण किती शहाणे आहोत हे शेजाऱ्यांनाही कळलं पाहिजे, असं साहेबांचं मत. पुस्तिकेत बाकीचेही धडे होते, पण त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. खुद्द धडेबाईलाही ते विचारल्याशिवाय आठवले नसते.

तिची धाकटी बहीण नदीपलीकडे, म्हणजे शेजारच्या देशात दिलेली होती. लग्न जमलं तेव्हा पूल नवा होता आणि दोन्ही सरकारं एकमेकांच्या गळ्यात गळे घालत होती. धाकटीचा नवरा डॉक्टर, पुलाच्या अगदी तोंडाशी असलेल्या गावातल्या सरकारी दवाखान्यात. दर रविवारी दुपारी ती बाबांच्या फोनवर बोले. बाबा इतक्या मोठ्याने बोलत की फोन नसता तरी पलीकडे ऐकू आलं असतं, असं ती म्हणायची.

या वेळी धाकटीला आठवा महिना लागला होता. याआधी दोनदा हातातोंडाशी आलेलं गेलं होतं, आणि दोन्ही वेळी ती तिकडे एकटी होती. "या खेपेला मला ताई जवळ हवी," असं तिने नवऱ्याला बजावून ठेवलं होतं. बाबांनी खिडकीजवळची आपली खाट तिच्यासाठी सोडली होती आणि स्वतःचं अंथरूण पुस्तकांच्या कपाटापाशी नेलं होतं. रोज सकाळी ते त्या रिकाम्या खाटेवरची चादर झटकत.

त्या रविवारी बाबांचं ओरडून झाल्यावर फोन धडेबाईकडे आला.

"कशी आहेस गं?"

"कशी असणार? दारातून आधी पोट जातं, मग मी. आणि हे तर घरात टिकतच नाहीत. दवाखान्यात मोठाल्या शीतपेट्या आल्यात, ठेवायला जागा नाही. काल अख्ख्या गावाचं रक्त काढलं. आमचा न्हावीसुद्धा हात पसरून पडला होता, मग चक्कर आली मेल्याला. लोकांच्या माना हातात धरतो, आणि स्वतःचं रक्त बघून आडवा!"

धाकटी हसत सुटली. धडेबाईला हसू आलं नाही.

"कशासाठी काढलं रक्त?"

"मला काय माहीत? नदीकाठी आमच्या फौजेचा सराव चाललाय ना, त्यासाठीच असेल."

जे वाक्य धडेबाईने खुर्चीत बसून लिहिलं होतं, ते आता तिच्या घरात येऊन बसलं होतं. लढाई झालीच तर पहिला गोळा पुलावर पडणार, आणि पुलाच्या तोंडाशी धाकटीचं घर.

"तू उद्याच निघून ये."

"उद्या? का गं? बाबा बरे आहेत ना?"

"आहेत. सगळं नेहमीसारखं आहे."

धाकटी शिकायला वसतिगृहात होती तेव्हा आई आजारी पडली. तेव्हाही ताई फोनवर हेच म्हणत राहिली होती, 'सगळं नेहमीसारखं आहे.' आई गेल्यावरच धाकटीला खरं कळलं. तेव्हापासून हे तीन शब्द ऐकले की तिचे कान उभे राहत.

"ताई, काय लपवतेयस?"

"काही नाही गं. तुझी काळजी वाटते, एवढंच."

"शुक्रवारी तपासणी आहे. ती झाली की शनिवारी सकाळी पूल ओलांडते. झालं समाधान?"

समाधान कसलं! त्या दिवसापासून धडेबाईचं इकडे आड तिकडे विहीर झालं. ऑफिसात सांगावं तर बहिणीच्या गप्पा म्हणजे हेरगिरी ठरणार, आणि उद्या तिकडच्या कुणाला कळलं तर धाकटीचं आणि डॉक्टरचं काय होईल, देव जाणे. न सांगावं तर आपल्या काठावरच्या गावातही माणसंच राहतात, त्यांच्याही बहिणी आहेत, लेकरं आहेत. शनिवारपर्यंत तोंड शिवून बसायचं आणि धाकटी घरात आली की सांगायचं, असं तिने ठरवलं. दोन दिवस तिने ते पाळलंही.

बुधवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. भिंतीवर नदीकाठचा नकाशा लावला होता. साहेब वाईट माणूस नव्हते. बायकोच्या आजारपणात त्यांनी स्वतः घर सांभाळलं होतं, हाताखालच्या माणसांवर कधी आवाज चढवला नव्हता. फक्त वरून विचारणा झाली की त्यांना झोप लागत नसे, आणि हल्ली रोज विचारणा होत होती.

"पलीकडचा हा सराव आहे की आणखी काही?" त्यांनी विचारलं. "बाई, तुमचा पहिला धडा काय सांगतो?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. नकाशावर आपल्या बाजूच्या गावातली शाळा निळ्या ठिपक्याने दाखवली होती. धडेबाईने तो ठिपका पाहिला आणि तिचा निश्चय ढासळला. बाकीचे उठून गेल्यावर तिने साहेबांना सांगितलं, की तिकडे रक्त जमा होतंय.

"कोण म्हणालं?"

"ऐकलंय."

"बाई, बाप दाखवा नाहीतर श्राद्ध घाला. 'ऐकलंय' एवढ्यावर मी वरती काय सांगू?"

"माझी बहीण म्हणाली," ती कशीबशी बोलली. "तिचं नाव कुठे येऊ देऊ नका. आणि एवढं करा साहेब, रविवारपर्यंत पूल बंद करू नका. शनिवारी ती बाळंतपणाला येतेय."

साहेबांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "बघू," ते म्हणाले.

त्या इमारतीत इतकी वर्षं काढलेल्या बाईला 'बघू'चा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी तिने तो शब्द आशेने घरी नेला. माणूस गरजवंत झाला की त्याला अक्कल राहत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली: 'सुरक्षेच्या कारणास्तव पूल पुढील आदेशापर्यंत बंद.' बाबा निवडलेल्या शेंगांचं ताट मांडीवर घेऊन बसले होते.

"म्हणजे आपली उद्याची..." ते म्हणाले आणि थांबले. मग तिच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "तू सरकारात आहेस ना? जरा विचार ना कुणाला, एका बाईपुरता उघडतील का." एरवी गल्लीला ऐकू जाणारा त्यांचा आवाज इतका बारीक झालेला तिने कधी ऐकला नव्हता. तिला त्यांच्याकडे बघवेना.

शनिवारी दुपारी धाकटीचा फोन आला. शिपायांनी तिला पुलाच्या तोंडावरून परत पाठवलं होतं. पुलाच्या दोन्ही टोकांना वाळूची पोती रचली होती. ती रडत नव्हती, संतापली होती.

"तुमच्याकडच्यांना झालंय काय? तुमच्या टीव्हीवर सांगतात, आम्ही म्हणे युद्धाची तयारी करतोय! आणि पुरावा काय, तर आमच्या दवाखान्यातलं रक्त. अगं, ते रक्त ह्यांनी हट्टाने साठवलंय. गेल्या वर्षी अपघातात दोन पोरं रक्ताअभावी गेली, तेव्हापासून हे वर मागणी करतायत. कुणी दाद देईना. शेवटी ह्यांना कुठलीशी पुस्तिका मिळाली, त्या दूरच्या युद्धावरची. तीत स्पष्ट लिहिलं होतं, की सीमेजवळच्या दवाखान्यात रक्त शांततेतच साठवून ठेवावं. ती वरिष्ठांपुढे आपटली, तेव्हा कुठे पेट्या आल्या. आणि ऐक, पुस्तिका तुमच्याच देशातली आहे. तुमचेच लोक शिकवतात आणि तुमचेच लोक बोंबलतात!"

धडेबाईने फोन ठेवला आणि कपाटातून पुस्तिका काढली. पहिला धडा 'शत्रूची लक्षणं' या भागात होता: सीमेवर रक्त आलं की समजावं, युद्ध आलं. चौथा धडा 'आपली तयारी' या भागात होता: सीमेवर रक्त आधीच आणून ठेवावं. दोन्ही तिच्याच हातचे. पहिला लिहिताना ती शत्रूकडे बघत होती आणि चौथा लिहिताना स्वतःकडे, त्यामुळे दोन्ही पानं एकमेकांशेजारी ठेवून पाहायचं तिला सुचलंच नव्हतं. साहेबांनाही नाही, मंत्र्यांनाही नाही. पुढच्याला ठेच लागली की मागचा शहाणा होतो हे खरं, पण मागे चालणारे दोघं एकाच वेळी शहाणे झाले तर काय, हे कुठल्याच म्हणीत नव्हतं. तिला हसायला आलं आणि लगेच घाबरायला झालं.

सोमवारी ती साहेबांपुढे दोन्ही पानं उघडून उभी राहिली. साहेबांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"तुम्ही म्हणता ते खरं असेल," ते म्हणाले.

"मग पूल उघडायला सांगा."

"आणि खरं नसलं तर? तुमची बहीण खोटं बोलत नसेल हो. पण तिच्या नवऱ्याला जे सांगितलं गेलं, तेच खरं कशावरून? मी कुणाच्या भरवशावर पूल उघडू?"

इतकी वर्षं तिने लोकांना हेच शिकवलं होतं, की सांगणाऱ्यावर जाऊ नका, लक्षणं बघा.

"शिवाय," साहेब नजर चुकवत म्हणाले, "आजपासून आपलीही शिबिरं लागतायत. काठावरच्या दवाखान्यांसाठी."

"कसली शिबिरं?"

"रक्ताची. चौथा धडा, बाई."

पहिलं शिबिर त्यांच्याच इमारतीत, खालच्या सभागृहात होतं. खुर्च्या भिंतीला लावून मधे खाटा मांडल्या होत्या. विभागाच्या माणसांनी पुढे व्हायचं असा आदेश होता. धडेबाई हात पसरून पडली. नर्सने शीर शोधली, सुई घातली, हातात रबरी चेंडू दिला. "दाबत राहा," ती म्हणाली.

दुसऱ्या हातातला फोन वाजला. धाकटीचा होता.

"ताई, बोलायला फुरसत आहे ना? एकच विचारायचंय." आवाजात आता संताप नव्हता. "इकडे सगळे म्हणतायत, तुमच्याकडे रक्त गोळा करायला लागलेत. ह्यांना वरून विचारलंय, तुमची सासुरवाडी तिकडची, तुम्हाला काही कळलंय का? ताई, हे खूप घाबरलेत. हे म्हणतात, तसं असेल तर मग काही खरं नाही. सरावाला रक्त लागत नाही म्हणे."

धडेबाईने डोळे मिटले.

"ते खरं असेल तर मला आजच गाडीने आत, सासूबाईंच्या गावाला पाठवणार. रस्ता फार वाईट आहे गं. या दिवसांत तेवढे धक्के... मला जायचं नाही. पण इथेच राहिले आणि काही झालं तर? तू सांगशील तसं करते. आहे का तुमच्याकडे शिबिर?"

'हो' म्हटलं तर संध्याकाळपर्यंत ते पलीकडच्या साहेबांच्या टेबलावर असणार, आणि त्यांच्याकडेही कुठलीतरी म्हण भिंतीवर लावलेली असणार. 'नाही' म्हटलं तर धाकटी पुलाच्या तोंडाशी, पोटातल्या जिवासकट, तिच्या शब्दावर विसंबून बसून राहणार. आपण खरं सांगितलं तेव्हाच हे सगळं झालं, एवढंच तिला त्या क्षणी दिसलं.

"नाही गं," ती म्हणाली. "कसलं शिबिर! सगळं नेहमीसारखं आहे."

शब्द तोंडातून गेले आणि तिला कळलं आपण काय बोललो ते.

धाकटीच्या मागे कुणीतरी काहीतरी विचारत होतं, डॉक्टरचाच आवाज असावा.

"बरं," धाकटी म्हणाली. "कळलं, ताई. बाबांना सांभाळ." मग फोन तोंडापासून दूर नेऊन ती नवऱ्याला म्हणाली, "सामान काढा."

धडेबाईने हाका मारल्या, पण फोन बंद झाला होता. तिने पुन्हा लावला, लागेना. रबरी चेंडू हातात तसाच आवळलेला होता.

"मूठ सोडा ताई," नर्स पिशवीला चिठ्ठी लावत म्हणाली. "भरली."