शंभर चिठ्ठ्यांची पेटी

सरकारने पैसे दिले होते, पण डोळे मिटून नाही. वयात येणाऱ्या मुलांना शरीराची, मनाची, नात्यागोत्याची नीट माहिती द्या, त्यासाठी शाळेत नर्सबाई नेमा आणि एक प्रश्नपेटी ठेवा. वर्षाअखेर पेटीत मुलांच्या शंभर चिठ्ठ्या निघाल्या तर पुढचं अनुदान. नाहीतर नर्सबाईंना नारळ.

आकडा शुक्रवारी कळवायचा होता. सोमवारी पेटी उघडली तेव्हा आत चार चिठ्ठ्या होत्या. त्यातल्या एकीवर लिहिलं होतं, 'ही पेटी कशाची आहे?'

पेटी कोणी पळवू नये म्हणून मोठ्या सरांनी ती आपल्याच केबिनच्या दाराशी ठोकून घेतली होती. वर कॅमेरा, समोर स्टुलावर शिपाईमामा. कोणी जवळ आलं की मामा मायेने विचारत, "काय रे बाळा, काय अडलंय?"

"इथे कोण चिठ्ठी टाकणार, सर?" नर्सबाई म्हणाल्या.

"पण सुरक्षित आहे की नाही?"

नर्सबाईंनी त्या चार चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या. पगार असातसाच होता, त्याचं एवढं नाही. पण मागच्याच महिन्यात आठवीतली एक पोर त्यांच्या खोलीत येऊन, आपण आता मरणार, म्हणून रडली होती. मरत नव्हती, मोठी होत होती. खोलीला कुलूप लागलं तर पुढची पोर कुणाच्या पदरात तोंड लपवणार?

मोठ्या सरांनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं.

"शहाण्णव कमी. आपण बाराजण. माणशी आठ," गणिताच्या बाईंनी सांगून टाकलं.

"अक्षर ओळखू येता कामा नये. डाव्या हाताने लिहा," मोठे सर म्हणाले.

"माझं उजव्या हाताचंही कुणाला ओळखू येत नाही," पीटीचे सर म्हणाले.

"सर, हे खोटं आहे," नर्सबाई म्हणाल्या.

"खोटी उत्तरं असतात, बाई. प्रश्न कसा खोटा असेल?"

बारा माना खाली गेल्या. मला तर दोनही सुचणार नाहीत, म्हणणाऱ्या गणिताच्या बाईंनी थोड्या वेळाने आणखी कागद मागितला.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी गठ्ठा सोडला. पहिली चिठ्ठी अपेक्षेप्रमाणे होती : 'किशोरावस्था म्हणजे काय? दोन वाक्यांत सांगा.' मग पुढची, मग त्याच्या पुढची. नुकत्याच चालायला लागलेल्या बाळासारखी, धडपडणारी अक्षरं.

'पहिला डाग दिसला तेव्हा आईने थोबाडीत मारली. का मारली असेल?'

'मनात नसताना नाही कसं म्हणायचं? एकोणीस वर्षांनी म्हटलं तर चालतं का?'

'मुलगा काही विचारायला लागला की मी टीव्हीचा आवाज वाढवतो. दुसरं काय करता येईल?'

नर्सबाईंनी गठ्ठा पुन्हा बांधला, चष्मा पुसला, डोळेही पुसले.

बुधवारी वर्गात त्यांनी त्यातल्या काही वाचून दाखवल्या. एकोणीस वर्षं तेवढी गाळली. आधी खुसखुस झाली, मग एक हात वर आला.

"बाई, हे कोणी लिहिलंय?"

"ज्यांना विचारायला कोणी नव्हतं, त्यांनी."

"त्या टीव्हीवाल्याला सांगा," मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आवाज कमी कर म्हणावं. बाकी आम्ही बोलू."

त्याच दुपारी नर्सबाईंनी पेटी स्वतः उपटली आणि जिन्याच्या वळणावर टांगली. तिथे कॅमेरा नव्हता, मामा नव्हते, माया करणारं कोणीच नव्हतं.

शुक्रवारी चिठ्ठ्या मोजल्या. शिक्षकांच्या शहाण्णव बाजूला ठेवल्या, तरी एकशे सात भरल्या. आकडा गेला, अनुदान आलं, खोली उघडी राहिली.

राहिल्या त्या शहाण्णव. त्यांची उत्तरं देण्याची सरकारी नियमांत तरतूद नव्हती. नर्सबाईंनी शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर लिहिलं : 'शनिवारी शाळा सुटल्यावर. फक्त शिक्षकांसाठी.' खाली मागच्या बाकाचा निरोपही : 'टीव्हीचा आवाज कमी करा.'

शनिवारी सगळ्यांत आधी मोठे सर आले.

"मी आपलं खुर्च्या लागल्यात का, ते बघायला आलोय," ते म्हणाले. दार लोटून घेतलं आणि पहिल्या रांगेत बसले.

मग त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"बाई, आवाज कमी केला," ते म्हणाले. "मुलगा समोर येऊन बसला. आता पुढे काय बोलायचं?"