एकेक खाच

जॅकवर मागून उचललेली गाडी म्हणजे पाय धरून टांगलेलं कोंबडंच. धाकट्याला ते कधीच बघवायचं नाही, आणि ही तर थोरल्याची गाडी. दोन सीटांची, ठेंगणी, त्याचं लग्न व्हायच्या आधीची. वहिनी गेल्यापासून थोरला उंबरा ओलांडायचा तो हिच्यातूनच. एरवी खिडकीसुद्धा उघडायचा नाही.

"अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागून ठक् वाजतं," थोरला स्टुलावर बसून म्हणाला. "चाकाचा जॉइंट गेला असंल."

"डॉक्टर तू का मी?"

"तू कसला डॉक्टर. लहानपणी माझी सायकल खोललीस, ती अजून जोडतोयस."

धाकटा हसला. जॉइंटच असू दे बाबा, त्यानं मनात म्हटलं. जॉइंट बदलता येतो.

गिअर टाकून त्यानं एक चाक दोरीनं जखडलं आणि दुसरं हातानं मागंपुढं हलवलं. चाक चांगलं वीतभर फुकट फिरलं आणि मग आत कुठंतरी अडलं. जॉइंटवर बोटं ठेवून पुन्हा हलवलं. जॉइंट गप्प, गाडीच्या पोटातून ठक्.

या गाडीचा गिअरबॉक्स मागं असतो, आणि चाकं फिरवणारी क्राउन-पिनियन ही दातेरी चक्रांची जोडीही त्याच खोक्यात. एकाच गिअरला असा फुकट फिरण्याचा प्ले असला तर तो गिअर झिजला म्हणायचं. त्यानं दुसरा टाकला, तिसरा टाकला, चौथा टाकला. सगळ्यांना तेवढाच प्ले. म्हणजे रोग गिअरांत नाही, सगळ्यांच्या पुढं असलेल्या क्राउनमध्ये.

"काय रे, गप्प का?"

"तेल काढतो."

तेल आलं ते चंदेरी. बोटांत चोळलं तर कचकच लागली. मग त्यानं बाजूचं झाकण काढलं. आत क्राउनला जागेवर धरणारी आट्यांची रिंग असते, खाचाखाचांची. त्या खाचांवर पान्याचे ओरखडे होते, जुन्यावर नवे.

"दादा, ही रिंग कुणी फिरवली?"

थोरला पायाकडं बघत म्हणाला, "मीच. पाइप कापून पाना केला होता. ठक् वाजलं की एक खाच आवळायचो. लगेच आवाज बंद. तुझ्या वहिनीला आवाजानं धसका बसायचा ना."

"आणि ती गेल्यावर?"

"सवय."

धाकट्याला हसावं की रडावं कळेना. खाच आवळली की क्राउन पिनियनवर रेलायचा, दातांमधलं तेल पिळून निघायचं, दात झिजायचे, पुन्हा प्ले. मग पुन्हा एक खाच. औषधानंच रोगी खाल्ला होता. त्यानं बॅटरी मारली. दात सुरीसारखे धारदार झालेले.

"अजून एक खाच मार की," थोरला म्हणाला. "फार लांब नाही जात मी. बाजारापर्यंत."

"जागाच नाही राहिली. खोक्यातले आटेसुद्धा उडालेत. वाटेत जॅम झाली तर चाकं जागच्या जागी धरतील, तू झाडावर आदळशील."

"नवीन जोडी?"

"बनवणारा कारखाना कधीच बंद पडला. मागं अशाच एका गाडीसाठी मोडक्या गाड्यांच्या वाड्यात विचारलं होतं, लेथवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, दातांची जोडी एकमेकांवर घासून बनवतात, एकटी बनत नाही."

"खरं बोलला."

थोरला उठला, आणि उचललेल्या गाडीत कष्टानं शिरून बसला. गिअर टाकला. पडला.

"पडतोय की," तो म्हणाला.

"दादा, उतर. जॅक सरकंल."

उतरायला त्याला वेळ लागला.

"उद्यापासून मी नेतो तुला बाजारात," धाकटा म्हणाला. "माझ्या व्हॅनमधून."

"तुझ्या व्हॅनमध्ये मी म्हणजे बटाट्याचं पोतं. आजच्यापुरतं घरी सोड."

व्हॅन थोरल्याच्या घरापाशी थांबली. दारात थोरल्यानं किल्ली काढली.

"उद्या सकाळी येतो," धाकट्यानं व्हॅनमधूनच सांगितलं.

"कशाला?" थोरल्यानं साध्या आवाजात विचारलं. रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दार लागलं. आतून कडी सरकली. धाकटा थोडा वेळ खिडकीकडं बघत थांबला. ती उघडली नाही. मग त्यानं व्हॅनचा गिअर टाकला. तो लोण्यात सुरी जावी तसा पडला, आणि त्याला त्या धडधाकट व्हॅनचाच राग आला.