राक्षसाची दाढ

टुं-टुं-टुं. कपडे धुऊन झाल्याचं मशीनने घरभर जाहीर केलं आणि माझी दुपार संपली. माझी लेक मुंगी झोपली की मला पाऊण तास मिळतो, फार तर तास. आज वीसच मिनिटं झाली होती. धावत जाऊन बटण दाबलं, पण आतल्या खोलीत उशी खाली पडायची ती पडलीच.

परत येऊन संगणकासमोर बसले. पडद्यावर तीच ओळ होती.

‘गुहेच्या दारात राक्षस बसला आहे. त्याची दाढ दुखते आहे. तू काय करतेस?’

काय करायचं ते मला आठ महिने कळलेलं नाही.

हा खेळ माझ्या दादाने लिहिला. यात चित्रं नाहीत, बंदुका नाहीत, नुसते शब्द. तुम्ही लिहायचं, खेळाने उत्तर द्यायचं. एका विसराळू मांत्रिकाचा चष्मा हरवला आहे, तो शोधायला तुम्हाला धाडलं आहे, एवढीच गोष्ट. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. जेवणाच्या सुट्टीत इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, पालथ्या बादलीवर लॅपटॉप ठेवून त्याने नऊ वर्षं हे लिहिलं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणून असेल, जिन्यांवर त्याचा राग. ‘जिना चढ’ असं लिहिलं की खेळ म्हणतो, ‘चढलीस. इथेही तूच आहेस.’ ‘वास घे’ म्हटलं तर, ‘घेतला. आता परत करता येणार नाही.’

चढलीस, करतेस. खेळणारी मी एकटीच होते, म्हणून सगळा खेळ माझ्याशीच बोलतो.

माझं काम वेडेपणा करायचं. दर रविवारी मी हव्या त्या उलटसुलट आज्ञा द्यायच्या. खेळाला जे समजलं नाही ते आपोआप एका यादीत जायचं आणि पुढच्या रविवारपर्यंत दादा त्याचं उत्तर लिहून आणायचा. मी ‘राक्षसाला मार’ लिहिलं होतं. उत्तर आलं, ‘ते काम त्याची दाढ आधीच करते आहे.’ ‘राक्षसाला गुदगुल्या कर’ म्हटलं तर, ‘तो हसला. मग दाढ आठवली. आता दोघांनाही वाईट वाटतंय.’ मी पोट धरून हसले होते.

“पण दार उघडतं कसं?” मी विचारायचे.

“शोध.”

“दादा, घरात पसारा पडलाय, पोर पायात पायात येतंय, सांगून टाक ना.”

“नाही. तू शेवटपर्यंत खेळलीस की मगच खेळ बाहेर सोडायचा. कुणी न सांगता एका तरी माणसाला दार सापडलं पाहिजे. मग सगळ्यांना फुकट.”

“नऊ वर्षं घासलीस आणि फुकट?”

“फुकटच्या वस्तूला लोक नावं ठेवतात गं, पण परत करायला येत नाहीत,” तो म्हणाला. “आणि आतल्या फाइल उघडून बघायच्या नाहीत. माझ्या गळ्याची शपथ.”

त्याच सुमाराला तो पाव दुधात बुडवून खायला लागला होता. मी म्हटलं, “काय रे, दात पडले की काय?”

“राक्षसाला उसने दिलेत.”

मी हसले. मुंगीला भरवत होते, तिच्या हनुवटीवरचं दूध पुसलं आणि आणखी हसले.

डॉक्टरांकडे गेला तोवर गाठ गालातून घशाशी उतरली होती. ऑपरेशननंतर त्याला बोलता येईना. मुंगीची पाटी उशाशी ठेवली होती, तिच्यावर लिहायचा. शेवटच्या आठवड्यात मी त्याला म्हटलं, “आता तरी सांग, दार कसं उघडतं?” त्याने खडू घेतला. लिहिलं, ‘सोपं आहे.’ मग जरा थांबून खाली लिहिलं, ‘वेडे.’

त्याला जाऊन आता आठ महिने झाले. मी राक्षसाला लवंग दिली, तेल दिलं, पक्कड दिली, गाणं म्हटलं. शपथ नसती तर फाइल उघडून दोन मिनिटांत कळलं असतं. पण ज्याच्या गळ्याची शपथ, त्याचा गळा मी शेवटी बघितला होता. ती मोडवेना.

मुंगी डोळे चोळत आली आणि न विचारता मांडीवर चढली. पाच वर्षांची आहे, नुकती वाचायला लागली आहे, त्यामुळे सगळीकडे बोट ठेवून वाचते. “गु-हे-च्या दा-रा-त...” करत ती ओळीच्या शेवटापर्यंत आली.

“मामाचा राक्षस,” ती म्हणाली.

“हो.”

“तू काय केलंस?”

“सगळं केलं. पक्कडसुद्धा दिली.”

“पक्कड कशाला? आधी विचार ना त्याला. दुखतं का म्हणून.”

“दुखतं हे वर लिहिलंय की, राणी.”

“तरी विचारायचं असतं,” मुंगी म्हणाली. “मी पडले की तू बघतेस रक्त आलेलं, तरी विचारतेस.”

एकेक अक्षर हुडकत तिनेच लिहिलं, ‘राक्षसाला विचार दुखतं का’. तिचं बोट धरून मी शेवटचं बटण दाबलं.

‘राक्षस बराच वेळ तुझ्याकडे बघतो. “हो,” तो म्हणतो, “फार दुखतं.” आणि उठून बाजूला होतो. तीनशे वर्षांत त्याला कुणी विचारलं नव्हतं. दाराला कुलूप नव्हतंच.’

आत मांत्रिक होता. चष्मा त्याच्या कपाळावरच होता. ‘आलीस?’ तो म्हणाला. ‘चहा टाक. खेळ संपला, वेडे. आता वाटून टाक.’

मुंगीने टाळ्या वाजवल्या. मी पदर शोधला, मग आठवलं, अंगात गाऊन आहे. बाहीलाच डोळे पुसले.

इंटरनेटवर खेळ ठेवायच्या जागेचं पान महिनाभर उघडं करून ठेवलं होतं. नावाच्या चौकटीत दादाचं नाव घातलं. किमतीच्या चौकटीत ‘मोफत’ निवडलं. ‘करतेस, चढलीस’ बदलावं का, असं क्षणभर वाटलं. नाही बदललं. जो येईल त्याने माझ्या जागी बसावं. बटण दाबलं. हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकायला लागली, दहा टक्के, बारा टक्के.

मुंगी पट्टीकडे बघत होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“आई, मामाचं दुखायचं तेव्हा तू त्याला विचारलं होतंस?”